एवढं लांब पान वाचतं कोण?

लँडिंग पेजचा मसुदा पाठवला की व्यावसायिकाचा फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "अहो, लोक रील बघतात. तुम्ही दोन हजार शब्द लिहिलेत. फोटो टाका, नंबर टाका, विषय संपला."

त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ज्याला तुमची सेवा नकोच आहे, तो दोन ओळीही वाचत नाही. पण ज्याला येत्या महिन्याभरात गच्चीवर पावणेदोन लाखांचं काम करून घ्यायचंय, तो रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइल घेऊन बसतो. दोन-तीन व्हिडिओ बघतो, शेजाऱ्याला विचारतो, मेहुण्याला फोन लावतो, आणि तुमचं पान समोर आलं तर शेवटपर्यंत वाचतो. त्याला अजून माहिती हवी असते, ती कुणी देत नाही, ही त्याची खरी तक्रार असते. लांब पान त्याच्यासाठी असतं. बाकीच्यांनी वरच्या चार ओळी वाचून निघून जायला काहीच हरकत नाही.

लँडिंग पेज म्हणजे जाहिरातीवर, गूगलच्या निकालावर किंवा कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवर बोट ठेवलं की माणूस ज्या पानावर येऊन उतरतो ते पान. वेबसाइटच्या मुखपृष्ठावर 'आमच्याविषयी', 'आमच्या शाखा', 'फोटो गॅलरी' असा सगळा संसार मांडलेला असतो. इथे एकच सेवा आणि वाचकाने करायची एकच गोष्ट: फोन करा, फॉर्म भरा किंवा मेसेज पाठवा. वस्तू विकणाऱ्याचं थोडक्यात भागतं, कारण मिक्सर फोटोत दिसतो. सेवा विकत घेण्याआधी दिसतच नाही. माणूस घरी येऊन नीट काम करेल का, कागदपत्रं कुठे अडकतील का, नंतर फोन उचलेल का, हे सगळं शब्दांतूनच पटवावं लागतं.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण धरू. समजा, सांगली-साताऱ्याकडे घरांच्या गच्चीवर सोलर बसवून देणारा एक छोटा व्यावसायिक आहे. हे उदाहरण मुद्दाम घेतलंय. रक्कम मोठी, सरकारी सबसिडी मधे, महावितरणचे कागद मधे, आणि अफवा तर गल्लोगल्ली. पटवून देण्याचं काम सगळ्यात अवघड होतं ते इथेच.

लांबी शंकांवरून ठरते

हजार शब्द असावेत की तीन हजार, याचं उत्तर शब्दांत मोजून मिळत नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्यात पैसे देण्याआधी जेवढ्या शंका येतात, तेवढ्यांना उत्तर देऊन झालं की पान संपलं. नळाचा वॉशर बदलून देणाऱ्याला दीडशे शब्द पुरतात, कारण तिथे शंका दोनच: कधी येणार आणि किती घेणार. सोलरवाल्याकडे डझनभर असतात. माझ्या घराला किती किलोवॅट लागेल? गच्चीवर जागा पुरेल का? स्लॅबला भोकं पाडणार का, मग पावसाळ्यात गळणार का? पावसाळ्यात वीज तयार होते का? लाइट गेली तर चालेल का? सबसिडी खरंच मिळते का, आणि कोणाच्या खात्यात? माकडांनी पॅनल फोडलं तर? पुढे वरचा मजला चढवायचा झाला तर?

हे प्रश्न टेबलाशी बसून सुचत नाहीत. ते दुकानातल्या फोनवर, सर्व्हेला गेलेल्या पोराच्या कानावर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या जुन्या मेसेजमध्ये पडलेले असतात. म्हणून मी लिहायला घेण्याआधी दोन गोष्टी मागतो. एक, गेल्या काही महिन्यांतली गिऱ्हाइकांशी झालेली मेसेजची देवाणघेवाण. दोन, सर्व्हे करणाऱ्या माणसाबरोबर तासभर गप्पा. मालकाला आपली सेवा कशी असावी हे माहीत असतं. त्या पोराला लोक नेमके कुठे अडतात हे माहीत असतं. "भाव सांगितला की लोक काय म्हणतात?" असं त्याला विचारा आणि वही उघडून बसा.

जाहिरातीच्या इतिहासात याचा एक गाजलेला दाखला आहे. १९५८ साली डेव्हिड ओगिल्वी या जाहिरातकाराने रोल्स-रॉइस गाडीची जी जाहिरात लिहिली, तिच्या मथळ्याचा आशय असा होता की ताशी साठ मैल वेगाने जाताना या गाडीत सगळ्यात मोठा आवाज येतो तो तिच्या विजेवरच्या घड्याळाचा. खाली सहाशेच्या वर शब्दांचा मजकूर होता, तोही बहुतेक सगळा तांत्रिक तपशिलाचा. ते घड्याळाचं वाक्य काही ओगिल्वींच्या कल्पनेतून निघालेलं नाही. गाड्यांविषयीच्या एका नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाने दिलेल्या अहवालात ते होतं; ओगिल्वींनी आधी गाडीविषयी मिळेल ते सगळं वाचून काढलं आणि त्यात ते सापडलं. आता मसुदा एआयकडून करून घेणारेही पुष्कळ आहेत. त्याला माझी ना नाही, पण तुमच्या गिऱ्हाइकाचा फोन त्या यंत्राने ऐकलेला नसतो. तो माल तुम्हालाच पुरवावा लागतो, नाहीतर राज्यातल्या सगळ्या सोलरवाल्यांचं पान एकाच साच्यातून निघतं. बरीच पानं तशी निघतातही.

आलेला माणूस किती जाणतो?

युजीन श्वार्ट्झ या अमेरिकन कॉपीरायटरने (म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्याने) १९६६ साली एक विचार मांडला, तो आजही कामाचा आहे. गिऱ्हाईक पाच पायऱ्यांपैकी कुठल्या तरी पायरीवर असतं. काहींना आपली अडचणच जाणवलेली नसते. काहींना अडचण ठाऊक असते, उपाय माहीत नसतो. काहींना उपायाचा प्रकार माहीत असतो. काहींना तुमची सेवाही माहीत असते, फक्त खात्री पटलेली नसते. आणि शेवटचे नुसते भाव आणि तारीख विचारायला आलेले असतात.

याचा व्यवहारातला अर्थ बघा. फेसबुकवर 'मे महिन्याचं लाइट बिल बघून घाम फुटला?' असा व्हिडिओ बघून एक जण आला. त्याला बिलाचा त्रास कळतो, पण नेट मीटर (घराने घेतलेली आणि सोलरने महावितरणला दिलेली वीज मोजणारं मीटर) कशाशी खातात हे माहीत नाही. दुसरा गूगलवर '३ किलोवॅट सोलर सबसिडी सांगली' असं टाइप करून आला. त्याला 'सूर्य हा ऊर्जेचा अखंड स्रोत आहे' हे वाचायला लावलं तर तो चिडून मागे जाईल. त्याला पहिल्याच पडद्यावर रक्कम दिसली पाहिजे. दोघांसाठी एकच पान ठेवायचं ठरवलं तर दोघांचंही नुकसान. दोन पानं करा. खालचा अर्धा भाग सारखा राहील, वरचा वेगळा.

आणि सोसायटीचं पान तर संपूर्ण वेगळं हवं. तिथे निर्णय एका घराचा नसतो, सर्वसाधारण सभेचा असतो. तिथे पान वाचणारा सेक्रेटरी स्वतः पटला तरी त्याला चाळीस सभासदांना पटवायचं असतं, म्हणून त्याला सभेत वाचून दाखवता येईल असं एक पान तयार करून द्यावं लागतं.

घरगुती गिऱ्हाइकातही थोडं असंच होतं, ते फारसं कुणी लक्षात घेत नाही. बिल वडिलांच्या नावावर, गच्ची गावाकडच्या घराची, पैसे देणारा मुलगा पुण्यात किंवा दुबईत. पान वाचणारा एक आणि हो म्हणणारा दुसरा. लिंक फॅमिली ग्रुपवर फिरते. त्यामुळे पानात 'घरच्यांना दाखवा' असा एक छोटा भाग मी आवर्जून ठेवतो: खर्च किती, सबसिडी किती, काम किती दिवसांचं, गच्चीचं काय होणार. चार ओळी, एका स्क्रीनशॉटमध्ये मावतील अशा.

मथळा: 'वीजबिल शून्य' का लिहायचं नाही

मथळ्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. तीन नमुने बघू.

'उज्ज्वल भविष्यासाठी सौर ऊर्जेची साथ.' हे वाक्य बँकेलाही चालेल, शाळेलाही चालेल आणि निवडणुकीलाही चालेल. ज्या मथळ्यातून तुमचा धंदा ओळखू येत नाही तो मथळा कामाचा नाही.

'आता वीजबिल शून्य!' हा सगळ्यांचा लाडका. अडचण एवढीच की तो खोटा आहे. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार नावाची एक ओळ असते. तुम्ही एकही युनिट वापरलं नाही तरी ती रक्कम भरावी लागते, सोलर बसवल्यावरही. म्हणजे पहिलंच बिल हातात पडलं की गिऱ्हाईक फोन करणार, "शून्य म्हणाला होतात ना?" एका शब्दासाठी आयुष्यभराचं गिऱ्हाईक घालवायचं हा कुठला हिशेब?

आता तिसरा: 'तीन हजारांचं लाइट बिल तीनशेच्या आसपास. सबसिडीचे कागद आम्ही करतो आणि स्लॅबला भोक पाडत नाही.'

यात आकडा आहे, कटकट कोण सोसणार ते आहे, आणि लोकांना रात्री झोप न येऊ देणारी गळतीची भीती आहे. शब्दही गिऱ्हाइकाच्या तोंडचा आहे. 'वीज देयक' घरात कुणी म्हणत नाही. पण असा आकडा लिहायचा तर तो तुमच्या गिऱ्हाइकांच्या खऱ्या बिलांवरून आलेला हवा. मथळ्याखाली लगेच सांगा की किती किलोवॅटची सिस्टीम, किती युनिट वापर असलेली घरं, कुठल्या गावांतली. तसा पुरावा हाताशी नसेल तर आकडा गाळा आणि फक्त स्लॅबचं वाक्य ठेवा. तेवढंही पुरतं. अर्थात काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर, म्हणजे पॅनलचा सांगाडा, उभारायची तुमची पद्धत खरोखर असेल तरच.

पैशांचा परिच्छेद

भाव लपवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. 'किमतीसाठी संपर्क करा.' वाचणाऱ्याला त्यातून एकच अर्थ लागतो, माणूस बघून भाव ठरणार. नेमकी रक्कम सांगता येत नसेल तर पट्टा सांगा आणि ती कशामुळे वर-खाली होते ते सांगा: स्ट्रक्चरची उंची, वायरची लांबी, कुठल्या कंपनीचं पॅनल.

सोलरमध्ये याहून मोठी मेख सबसिडीची आहे. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,०००, आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,०००, त्याच्यावर नाही. अनेक जाहिरातींत मोठ्या अक्षरांत जी किंमत असते ती ही रक्कम वजा करून लिहिलेली असते. प्रत्यक्षात सबसिडी काम पूर्ण होऊन, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते. तोवर पूर्ण रक्कम त्याला स्वतः किंवा कर्ज काढून उभी करावी लागते. हे त्याला सर्व्हेच्या दिवशी कळलं की पानावरचा विश्वास तिथेच संपला.

म्हणून तो परिच्छेद मी असा लिहीन:

"तीन किलोवॅटच्या सिस्टीमचा खर्च समजा १,८०,००० रुपये आला. ही पूर्ण रक्कम आधी तुम्हाला द्यावी लागते. काम संपून नेट मीटर लागल्यावर ७८,००० रुपयांची सबसिडी थेट तुमच्या खात्यात येते, आमच्याकडे नाही. म्हणजे शेवटी तुमच्या खिशातून गेले १,०२,०००. तुमचं बिल महिन्याला सरासरी २,८०० येत असेल आणि नंतर ३०० येऊ लागलं, तर वर्षाला ३०,००० वाचतात. साडेतीन वर्षांच्या आत पैसे वसूल. पॅनलच्या वीजनिर्मितीची हमी साधारण २५ वर्षांची असते. इन्व्हर्टरची हमी त्याहून बरीच कमी असते, तो मधे एकदा बदलावा लागेल असं धरून चाला."

यात एकही भपकेबाज विशेषण नाही, हे बघा. 'आकर्षक', 'किफायतशीर', 'खात्रीशीर' यांपैकी एकही शब्द न येता माणसाच्या डोक्यात हिशेब सुरू होतो, आणि तो तुमच्या आकड्यांच्या जागी स्वतःचं बिल ठेवून बघतो. पटवणं म्हणतात ते हेच. इन्व्हर्टरचं वाक्य काढून टाका असं मालक म्हणतील. काढू नका. आधीच्या सगळ्या आकड्यांना वजन आलंय ते त्याच वाक्यामुळे.

याच्या लगेच खाली, हे कोणासाठी नाही तेही सांगा. "तुमचं बिल महिन्याला सात-आठशेच असेल तर तीन किलोवॅट घेऊ नका, एक किलोवॅटचाच विचार करा, नाहीतर थांबा. गच्चीवर दिवसभर शेजारच्या इमारतीची सावली असेल तर आधी सर्व्हे करा, पैसे नंतर." एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि आपल्याकडे त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. एवढं दिलं की माणूस स्वतःच ठरवतो आपण यात बसतो की नाही. जे बसत नाहीत त्यांच्या घरी सर्व्हेची फुकट खेप वाचते, हा फायदा छोट्या व्यावसायिकाला सगळ्यात लवकर पटतो.

लाइट गेल्यावर काय?

आता ज्या प्रश्नावर बहुतेक पानं गप्प असतात तो घेऊ.

बॅटरी नसलेली, ग्रिडला (महावितरणच्या तारांच्या जाळ्याला) जोडलेली सोलर सिस्टीम लाइट गेली की बंद पडते. भर दुपारी, कडक उन्हातसुद्धा. अनेकांना हे माहीत नसतं. भारनियमनाला कंटाळून सोलर घ्यायला निघालेल्या माणसाला ते बसवल्यानंतर कळलं तर तो गप्प बसणार नाही, सगळ्या गल्लीला सांगेल, आणि त्याचं चुकलंय असं मला वाटत नाही.

पानावर ते असं येईल:

"लाइट गेली की हे सोलरही थांबतं. हा बिघाड नाही, ही सुरक्षेची सोय आहे. वायरमन खांबावर चढून काम करत असताना तुमच्या गच्चीवरून तारेत वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. तुमच्याकडे रोज लाइट जात असेल तर घरचा बॅटरीवाला इन्व्हर्टर विकू नका, तो लागणारच आहे. किंवा आमच्याकडे हायब्रिड, म्हणजे बॅटरीसह येणाऱ्या, सिस्टीमचा भाव मागा. ती बरीच महाग पडते, हे आधीच सांगतो."

वाचणाऱ्यावर याचे दोन परिणाम होतात. ज्याला हे माहीत नव्हतं त्याला कळतं की हा माणूस लपवत नाही. ज्याला माहीत होतं तो मनात म्हणतो, बाकीच्यांनी हे सांगितलं नव्हतं. दोघांच्याही दृष्टीने पुढच्या ओळींची पत वाढते. मार्केटिंगच्या मीटिंगमध्ये 'निगेटिव्ह लिहू नका' असं ऐकू येतं. मी उलट म्हणेन, एक खरी उणीव सांगितल्याशिवाय लांब पानावरच्या चांगल्या गोष्टी कुणी मनावर घेत नाही. फक्त ती उणीव खरी असावी. 'आम्ही गुणवत्तेबाबत जरा जास्तच हट्टी आहोत' असली लाडिक उणीव नको.

पावसाळ्याचं उत्तरही असंच सरळ द्यायचं: जुलै-ऑगस्टमध्ये वीज कमी तयार होते, उन्हाळ्यात जास्त, महिन्याचे जास्तीचे युनिट नेट मीटरमुळे पुढच्या बिलात वळते होतात. एवढं पुरे. त्यावर भौतिकशास्त्राचा तास घेऊ नका.

तुम्हाला साधं वाटतं ते सांगा

क्लॉड हॉपकिन्स हे जाहिरातीतलं जुनं नाव. श्लिट्झ या बिअर कंपनीचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी कारखाना हिंडून बघितला. बाटल्या यंत्राने चार वेळा धुतात, हवा गाळून घेतात, पाणी खोल विहिरीतून काढतात. कंपनीवाले म्हणाले, यात विशेष काय, सगळेच असं करतात. हॉपकिन्सनी तेच लिहिलं, कारण सगळे करत असले तरी ते लोकांना सांगितलेलं कुणीच नव्हतं.

सोलरवाल्याकडेही अशा गोष्टी पडून असतात. तीन वेगवेगळी अर्थिंग केली जातात: एक पॅनलच्या बाजूची, एक घराच्या पुरवठ्याच्या बाजूची, एक वीज पडण्यापासून बचावाची. त्याला हे रोजचंच असतं. गच्चीवर लोखंड उभारलंय आणि पावसात वीज पडेल, या भीतीत असलेल्या आजींना हे रोजचं नसतं. तीन खड्ड्यांचा एक फोटो आणि खाली दोन ओळी, एवढ्याने जे काम होतं ते 'जागतिक दर्जाची सुरक्षा'ने होत नाही.

कामाचे टप्पे सांगतानाही हेच. सर्व्हे, पोर्टलवर नोंदणी, महावितरणची मंजुरी, बसवणं, नेट मीटर, तपासणी, सबसिडी. यातलं तुमच्या हातात काय आहे आणि काय नाही ते वेगळं करा. बसवायचं काम दोन-तीन दिवसांत होतं, ते ठासून सांगा. मीटर कधी लागेल हे तुमच्या हातात नाही, तेही सांगा. अर्ज कुठवर आलाय ते दर आठवड्याला मेसेजने कळवू, एवढं आश्वासन द्या. आणि मग खरंच कळवा.

अभिप्राय, बटण आणि बाकीचं

'छान सेवा, धन्यवाद' हा अभिप्राय छापून उपयोग नाही. जुन्या गिऱ्हाइकाला "आमच्याबद्दल दोन शब्द सांगा" म्हटलं की तो सत्काराचं भाषण करतो. त्याऐवजी विचारा, "बसवण्याआधी सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत होती?" उत्तर मिळेल, "गळेल असं वाटत होतं, यंदा पूर्ण पावसाळा गेला, थेंब नाही." हे वाक्य जसंच्या तसं, परवानगी घेऊन, गळतीच्या शंकेशेजारी लावा. सगळे अभिप्राय पानाच्या तळाला एकत्र कोंबू नका. ज्या शंकेचं उत्तर असेल तिच्या जवळ ठेवा.

बटणाचं सांगायचं तर 'सबमिट' लिहिलेलं बटण बघून कुणालाही काही करावंसं वाटत नाही. सोलरच्या बाबतीत सोपी युक्ती आहे. लाइट बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच. म्हणून बटण: 'व्हॉट्सअ‍ॅपवर लाइट बिलाचा फोटो पाठवा'. खाली बारीक नको, नीट वाचता येईल अशी ओळ: "बिल बघून किती किलोवॅट पुरेल आणि अंदाजे खर्च किती, एवढंच कळवू. तुमचा ग्राहक क्रमांक कुणाला देणार नाही." नाव-गाव-पत्ता-ईमेल-जन्मतारीख विचारणाऱ्या फॉर्मपेक्षा हे किती हलकं! बटण एकच असावं, पण पानावर तीन-चार ठिकाणी, प्रत्येक मोठी शंका मिटल्यानंतर.

लोक पान सलग वाचत नाहीत, आधी चाळतात. वेबसाइट वापरायला सोप्या कशा होतील याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ साली वेबवाचनाची पाहणी केली तेव्हा ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळताना आढळले. तेव्हा हातोहाती स्मार्टफोनही नव्हते. म्हणून उपमथळे असे लिहा की फक्त तेच वाचत गेलं तरी गोष्ट कळावी. 'आमची वैशिष्ट्ये' असा उपमथळा काही सांगत नाही. 'स्लॅबला भोक नाही, त्यामुळे गळती नाही' हा सांगतो.

भाषेचं एकच पथ्य. इंग्रजी पान भाषांतराला देऊन मराठी पान करू नका. 'आम्ही आपल्या ऊर्जाविषयक गरजांसाठी सर्वोत्तम समाधान प्रदान करतो' असली वाक्यं तिथूनच येतात. मालकाला फोनवर बोलायला लावा, रेकॉर्ड करा आणि त्यावरून लिहा. लिहून झाल्यावर त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. जिथे ते अडखळतील ते वाक्य बदला.

घाई खरी असेल तरच

'फक्त आज रात्री १२ पर्यंत!' आणि खाली उलटं पळणारं घड्याळ. पान पुन्हा उघडलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. हे आता नुसतं ओशाळवाणं राहिलेलं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये डार्क पॅटर्न (ग्राहकाला चकवून निर्णय घ्यायला लावणारी पानाची मांडणी) रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात फसवणुकीचे तेरा प्रकार दिलेत. खोटी घाई त्यात आहे, आणि किमतीचे तुकडे हळूहळू उघड करत नेणंही आहे. त्याआधीच्या २०२२ च्या तत्त्वांनुसार दाव्याखालची टीप दाव्याच्याच भाषेत असावी लागते, आणि टिपेने मूळ दाव्याला छेद देऊन चालत नाही. म्हणजे वर मराठीत 'बिल शून्य' आणि तळाला इंग्रजीत बारीक अक्षरांत अटी, हा खेळ नियमात बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे.

खरी घाई मात्र जरूर सांगा. पावसाळ्यात गच्चीवरचं काम रेंगाळतं, म्हणून मे महिन्यात ठरवलेलं बरं. हे कारण आहे, धमकी नाही.

पान चालू झालं की काम संपत नाही. पुढचे काही आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे प्रश्न बघत राहा. पान वाचूनही जो प्रश्न तीन-चार जणांनी विचारला, त्याचं उत्तर पानावर नाही किंवा चुकीच्या जागी आहे. ते नीट करा. ज्या भागाबद्दल कधीच कुणी काही विचारत नाही आणि जो काढला तरी फोन कमी होत नाहीत, तो काढून टाका. बहुतेक वेळा तो 'आमचे ध्येय' असतो. सबसिडीच्या परिच्छेदाखाली 'ही माहिती अमुक तारखेला तपासली' अशी ओळ ठेवा. सूर्यघर योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत राबवायची असं ठरलेलं आहे, तेव्हा तो परिच्छेद पुन्हा तपासायची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाकून ठेवा.